रांगेतली जागा कोणाची?

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीतल्या बायका जमल्या होत्या. वाण लुटून झाले, तिळगूळ झाला आणि बोलता बोलता विषय लेकी-जावयांवर आला. एक काकू म्हणाल्या, "आमच्या जावईबापूंना तिकडे अमेरिकेत दुसऱ्या कंपनीनं चांगल्या पगारावर बोलावलंय. पण मी लेकीला बजावलं, जागचं हलायचं नाही. ग्रीन कार्डाचा नंबर लागायचाय. नोकरी सोडली की नंबर गेला!"

साऱ्याजणींनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प झाले. कारण अगदी हेच शब्द २०१९ साली मी माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर ऐकवले होते.

तुम्ही म्हणाल, राजूरसारख्या गावात बसून अमेरिकेच्या व्हिशाची उठाठेव कशाला? पण मैत्रिणींनो, परदेश आता फक्त पुण्या-मुंबईच्या घरांचा राहिलेला नाही. आपल्याकडचीही मुलं शिकून तिकडे गेली आहेत. त्यांच्या घरातले निम्मे निर्णय इथे फोनवर ठरतात आणि सल्ला देणाऱ्या आपणच असतो. तेव्हा सल्ला देण्यापूर्वी थोडी माहिती हवीच.

लग्न होऊन बहीण न्यू जर्सीला गेली. मेहुणे एच-१बी या कामाच्या व्हिशावर, आणि ही एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिशाला गाठ मारलेली. मेहुण्यांच्या कंपनीने २०१७ साली ग्रीन कार्डाची सुरुवात करून दिली. पण पुढे पगार वाढेना, महिनोन् महिने परगावच्या कामावर पाठवू लागले. तक्रार केली की साहेब म्हणायचा, "जायचं तर जा, पण ग्रीन कार्ड विसरा." बहिणीने विचारले, "ताई, काय करू गं?" मी मोठेपणाने सांगितले, "आहे ते धरून बसा." सासरे अंथरुणाला खिळले तेव्हाही मेहुण्यांना रजा मिळाली नाही. ते आले ते थेट दहाव्याला. ती गोष्ट अजून माझ्या मनाला लागून आहे.

नळावरचा हंडा

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. नोकरीच्या मार्गाने तो मिळवायला साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली, या कामाला इथला माणूस मिळत नाही असे कंपनी तिथल्या कामगार खात्याला दाखवून देते. दुसरी, आय-१४० नावाचा कंपनीचा अर्ज. आणि तिसरी, नंबर आला की माणसाने स्वतः भरायचा आय-४८५ हा अर्ज. पहिल्या पायरीचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती तारीख म्हणजे रांगेतली आपली जागा.

रांग एवढी लांब का? नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे निघतात. त्यात बायकामुलेही धरलेली. आणि एका देशाच्या वाट्याला सामान्यतः ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. आपल्याकडून जाणारे फार, म्हणून नेहमीच्या दोन वर्गांत भारतीयांना दहा वर्षांहून जास्त थांबावे लागते. एच-१बीची मुदत तीन अधिक तीन अशी सहाच वर्षांची. पण २००० सालच्या कायद्याने सोय केली, की आय-१४० मंजूर असेल आणि नंबर आलेला नसेल, तर तीन-तीन वर्षांनी मुदत वाढवून मिळते.

आता खरा प्रश्न असा, की रांगेतली जागा कंपनीची की माणसाची?

आपण नळावर हंडा रांगेत ठेवतो आणि घरी जाऊन भाकरी थापून येतो. आपली जागा हंडा राखतो. तसेच इथे आहे. आय-१४० एकदा मंजूर झाला की ती तारीख माणसाची होते. लबाडी किंवा मोठी चूक निघाली तरच ती जाते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा आमच्या गुरुजींचे दुःख मला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली की त्याची सेवाज्येष्ठता शून्यावर येते. माझ्या डोक्यात तेच बसले होते. पण अमेरिकेचा नियम तसा नाही.

हलायचे केव्हा?

आय-१४० मंजूर होण्याआधी नोकरी सोडली, तर मात्र नव्या ठिकाणी नवी तारीख. म्हणजे हंडा उचलून शेवटी नेऊन ठेवायचा. मंजुरीनंतर तारीख आपली, पण नव्या कंपनीला पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. मंजुरीला १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने रागाने अर्ज मागे घेतला तरी व्हिशाची मुदतवाढ त्याच्या आधारावर मिळू शकते. हा नियम जानेवारी २०१७ पासूनचा. आणि ज्यांचा आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस उलटले, त्यांना त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामावर जाता येते. मागच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागत नाहीत.

नव्या कंपनीने एच-१बीचा अर्ज दाखल केला की कायद्याने नवे काम सुरू करता येते. तरी मंजुरी हातात येईपर्यंत जुनी नोकरी न सोडणे शहाणपणाचे. आधी राजीनामा आणि मग शोधाशोध, असे कधीही करू नये. नोकरी सुटली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. व्हिशाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून नव्याने येणाऱ्यांच्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. रीतसर राहून तिथल्या तिथे कंपनी बदलणाऱ्यांना तो लागू नाही, असे तिथल्या खात्याने पुढच्याच महिन्यात स्पष्ट केले. पण मुदत चुकवली तर ही सूट हातची जाऊ शकते.

आणि बायकोचे काय?

फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या इंजिनिअरची गोळी घालून हत्या झाली. पत्नी सुनयना दुमाला यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला, आणि त्याच घटकेला त्या देशात राहण्याचा त्यांचा हक्कही गेला. कारण तो नवऱ्याच्या व्हिशावर होता. तिथल्या एका लोकप्रतिनिधीच्या मदतीने त्यांना तात्पुरता परवाना मिळाला. असे कोणावर येऊ नये. पण आपल्या पायाखालची जमीन कोणत्या कागदावर उभी आहे, हे बाईला माहीत असायलाच हवे.

माझ्या बहिणीला ते माहीत नव्हते. कागद सारे कंपनीच्या वकिलाकडे. २०२२ साली शेजारच्या एका मराठी बाईने तिला विचारले, "आय-१४० मंजूर आहे ना? मग तू घरी का बसलीस?" मे २०१५ पासून अशा एच-४ बायकांना कामाचा परवाना मागता येतो. हिच्या नवऱ्याचा अर्ज २०१८ सालीच मंजूर झाला होता. चार वर्षे ती फुकट घरी बसली होती! मग त्यांनी पदरचे पैसे भरून स्वतःचा वकील गाठला. मेहुण्यांनी नोकरी बदलली. तारीख राहिली २०१७ चीच. बहीणही आता शाळेत काम करते. ग्रीन कार्ड अजून आलेले नाही, पण रोजची धाकधूक गेली.

लेकीला हे विचारा

१. आय-१४० मंजूर आहे का? कोणत्या तारखेला? आणि रांगेतली तारीख कोणती?

२. मंजुरीची प्रत घरात आहे का? कंपनी देत नसेल तर निदान अर्जाचा क्रमांक घ्यावा. आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा तिथेही आहे, त्याखाली प्रत मागता येते.

३. वकील कोणाचा? कंपनीचा वकील कंपनीचे हित बघणार. नोकरी बदलण्यापूर्वी एकदा स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. नियम बदलत असतात.

४. स्वतःच्या कामाच्या परवान्याची मुदत केव्हा संपते? ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाचा नुसता अर्ज टाकून परवाना आपोआप चालू राहत नाही. मुदतीच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा वेळेवर करावा.

५. दोन-तीन महिने घर चालेल एवढा पैसा बाजूला आहे का?

हळदीकुंकवाहून निघताना मी काकूंना बाजूला घेतले आणि एवढेच म्हटले, "काकू, हलू नका असं सांगू नका. आधी आय-१४० चं विचारा." त्यांनी माझ्याकडून ते अक्षर-आकडे पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला. लेक म्हणाली होती, "आई, ते मला माहीत नाही. यांना विचारून सांगते."

मैत्रिणींनो, तुमच्या लेकीला विचाराल तेव्हा तिलाही हेच उत्तर द्यावे लागू नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.