बोकडांच्या झुंजी व जखमांची निगा

पावसाळ्याचा आरंभ झाला म्हणजे जालना जिल्ह्यातील बांधांवर व माळांवर हिरवा चारा दिसू लागतो. शेळ्यांच्या अंगी तेज येते, त्या माजावर येऊ लागतात. आणि ह्याच सुमारास गोठ्यातील बोकड एकमेकांवर धावून जातात. नेमक्या ह्याच दिवसांत माश्यांचाही सुळसुळाट असतो. झुंज आणि माशी यांची अशी गाठ पडली म्हणजे कपाळावरची बोटभर जखम आठ-दहा दिवसांत उत्तम बोकड गमावण्यास पुरेशी होते. ह्यातील झुंज बहुतांशी टाळता येते, व जखम झालीच तर तिची निगा पहिल्या दिवसापासून राखता येते. ह्या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातातील आहेत.

बोकड का झुंजतात?

मराठवाड्यात प्रामुख्याने उस्मानाबादी शेळी पाळली जाते. ह्या जातीच्या बहुतेक बोकडांना शिंगे असतात. पूर्ण वाढलेल्या बोकडाचे वजन सरासरी ३४ किलोच्या आसपास भरते. मेंढा मागे सरून धावत येतो व टक्कर देतो. बोकड मात्र मागच्या पायांवर उभा राहून वरून डोके आदळतो. कळपात आपले स्थान ठरविण्याची त्याची ही रीतच होय. ते स्थान एकदा ठरले म्हणजे कमजोर बोकड बाजूला सरतो व तंटा मिटतो. परंतु बाजूला सरावयास जागाच नसेल तर कमजोर बोकड कुडाशी कोंडला जातो व मार खात राहतो. म्हणून झुंज हा बोकडाचा स्वभाव असला, तरी तीत होणारी इजा हा बहुधा गोठ्याच्या व्यवस्थेचा दोष असतो.

बाजारातून निरनिराळ्या ठिकाणचे दोन बोकड आणून त्याच दिवशी एका दावणीला बांधणे, सर्वांना एकाच गव्हाणीत खुराक टाकणे, शिंगाळ व बिनशिंगी जनावरे एकत्र कोंडणे, माजावरील शेळी बोकडांच्या नजरेसमोर बांधणे, ही झुंजीची नेहमीची कारणे आहेत. बकरी ईदसाठी बोकड पोसणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. मुळापासून शिंग तुटलेला किंवा डोळा गेलेला बोकड कुर्बानीसाठी बहुधा नाकारला जातो, व वर्षभराची मेहनत एका टकरीत वाया जाते.

झुंज टाळण्याचे उपाय

१. नर करडे तीन ते चार महिन्यांची होताच माद्यांपासून वेगळी करावी.

२. पैदाशीसाठी लागणारे नर राखून बाकीच्यांचे खच्चीकरण दोन-तीन महिन्यांच्या वयात पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. खच्ची केलेला बोकड शांत राहतो व त्याच्या अंगाला उग्र वासही येत नाही.

३. वीस ते तीस शेळ्यांमागे पैदाशीचा एक बोकड पुरतो. गरजेपेक्षा अधिक नर पोसू नयेत.

४. पैदाशीच्या प्रत्येक बोकडास सुमारे २० चौरस फूट छपराखालील स्वतंत्र जागा व तिच्या दुप्पट मोकळी जागा द्यावी.

५. नवा बोकड आणल्यावर काही दिवस तो कुंपणापलीकडे ठेवावा, म्हणजे एकमेकांचा वास व ओळख होते. एकत्र सोडणे भागच असेल तर समान वयाचे व वजनाचे बोकड दिवसा, मोकळ्या रानात, देखरेखीखाली सोडावे.

लागलेली झुंज सोडविताना मध्ये उभे राहू नये किंवा शिंगांना हात घालू नये. माणसाची बोटे व बरगड्या मोडतात. दोघांच्या मध्ये फळी किंवा ताडपत्री आडवी धरावी, अथवा तोंडावर पाणी मारावे. सुटताच एकास दुसऱ्याच्या नजरेआड बांधावे.

जखम झाल्यास

झुंजीनंतर बोकडाचे सर्व अंग हाताने चाचपून पाहावे. केसांखालील जखम डोळ्यांस दिसत नाही. शिंगांची मुळे, डोळे, कान, बरगड्या, पाय व अंडकोष अवश्य तपासावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके पाच ते दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. मग जखमेभोवतीचे केस कातरावेत. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात चहाचे दीड चमचे मीठ विरघळवावे, व त्या पाण्याने जखम भरपूर धुवावी. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे व कडांवर माशी बसू न देणारे मलम लावावे.

शिंग मुळापासून मोडले असल्यास गोष्ट अधिक गंभीर असते. मोठ्या बोकडाच्या शिंगाचा पोकळ गाभा कपाळातील पोकळीशी जोडलेला असतो. अशा जखमेत पाणी किंवा औषध ओतू नये. स्वच्छ पट्टी बांधून पशुवैद्यकास बोलवावे.

माशीने जखमेच्या कडेला घातलेल्या अंड्यांतून साधारणतः १२ ते २४ तासांत अळ्या बाहेर पडतात व मांसात शिरतात. ह्यासाठी जखम बरी होईपर्यंत ती सकाळ-संध्याकाळ पाहावी. दुर्गंधी, पातळ लाल स्राव व जनावराची अस्वस्थता ही अळ्या पडल्याची खूण समजावी. अशा वेळी टर्पेंटाईनमध्ये भिजविलेला बोळा जखमेत थोडा वेळ ठेवून, वर आलेल्या अळ्या चिमट्याने एकूण एक काढाव्या लागतात. हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

ह्या जिल्ह्यात कपाशीचे पीक मोठे, त्यामुळे फवारणीचे औषध घरोघर असते. अळ्या मारण्यासाठी ते जखमेत ओतण्याचा मोह मुळीच धरू नये. ते विष जखमेतून रक्तात भिनते. अळ्यांबरोबर बोकडही दगावतो. राख, शेण व माती हीसुद्धा जखमेत भरू नयेत. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. धनुर्वात झालेल्या जनावराचे पाय लाकडासारखे ताठतात, जबडा मिटतो व ते क्वचितच वाचते. म्हणून खोल जखम झाल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी पशुवैद्यकास त्याच दिवशी विचारावे.

चावा असल्यास

चरून आलेल्या बोकडाच्या अंगावर दातांच्या खुणा दिसल्या तर ती झुंजीची जखम समजू नये. कुत्र्याचा, लांडग्याचा किंवा कोल्ह्याचा चावा असू शकतो व त्यातून पिसाळरोग होतो. हातमोजे घालून ती जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब पशुवैद्यकाकडून लसीकरण सुरू करावे. जनावराची लाळ माणसाच्या जखमेस लागली असल्यास त्यानेही तत्काळ दवाखाना गाठावा.

मुलांनी हौसेने पाळलेल्या सशांच्या व गिनीपिगच्या बाबतीतही मूळ नियम हाच आहे. दोन वयात आलेले नर एका लहान पिंजऱ्यात ठेवले तर ते एकमेकांस कडकडून चावतात. अशा चाव्याचे तोंड लवकर मिटते व आत पू धरतो. त्यांस सोडविताना उघडा हात न घालता जाड टॉवेल टाकावा, जखम मिठाच्या पाण्याने धुवावी व नर कायमचे वेगळे करावेत. शेळीचे उरलेले पेनिसिलिन गिनीपिगला कधीही देऊ नये. त्याने आतड्यांतील उपयुक्त जंतू मरतात व तो लहानसा जीव दगावू शकतो.

ग्रामसेवकांनी व पशुसखींनी काय करावे?

पावसापूर्वी प्रत्येक शेळीपालकाच्या गोठ्यास एक भेट द्यावी. बोकड किती, वेगळे बांधले आहेत की नाही, खच्चीकरण राहिले आहे काय, हे पाहावे. मीठ, आयोडीन, स्वच्छ फडके, कात्री व हातमोजे एका डब्यात भरून ठेवण्यास सांगावे. बोकडाने खाणे सोडले, मान वाकडी धरली, तो गोल फिरू लागला किंवा लंगडू लागला, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ ह्या क्रमांकावर संपर्क साधावा. उपचार चालू असलेला बोकड, औषधाचा अंश शरीरातून जाण्याची पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत, कापण्यासाठी विकू नये.

शेळी हे गरिबाघरचे चालते-बोलते धन होय. अडीनडीला विकावयाचा बोकड धडधाकट राहावा ह्यासाठी फार खर्च लागत नाही. एक वेगळा खुंटा, एक वेगळी गव्हाण, आणि जखम झालीच तर त्याच दिवशी धुण्याची तत्परता, एवढे पुरेसे आहे.