गर्भ आपले इंधन का बदलतो?

गोरेगावच्या शिवारात पऱ्ह्यांसाठी टाकलेला धान आधी दाण्यातल्या साठ्यावर उगवतो आणि हिरवी पाने फुटली की आपले अन्न आपणच तयार करू लागतो. सस्तन प्राण्यांच्या गर्भातही असा पालट होतो, तोही गर्भ रुजण्याआधी. पहिल्या विभाजनासाठी फलित अंडपेशीला ग्लुकोज पुरत नाही, पायरुवेट (ग्लुकोज फोडल्यावर मिळणारा लहान रेणू) लागते. १९६७ मध्ये जॉन बिगर्स आणि सहकाऱ्यांनी हे उंदरांच्या गर्भांवर दाखवले. दोन पेशी झाल्या की एकट्या लॅक्टेटवर भागते, आणि आठ पेशींच्या सुमारास एकटे ग्लुकोजही चालते. याला नुसता इंधनबदल म्हणणे मला अपुरे वाटते. कोणत्या पेशीने पुढे काय व्हायचे, हे ठरवण्यातच या चयापचयाचा हात आहे.

याचा भक्कम पुरावा लॉस एंजेलिसमधल्या उत्पल बॅनर्जी यांच्या गटाने दिला. पायरुवेट काढून घेतले तर उंदराचा गर्भ दोन पेशींवर अडतो आणि त्याची स्वतःची जनुके नीट जागी होत नाहीत, हे त्यांनी २०१७ मध्ये मांडले. एरवी मायटोकाँड्रियात काम करणारी काही विकरे त्या वेळी चक्क पेशीकेंद्रकात सापडली. २०२० मध्ये त्यांनी ग्लुकोजकडे मोर्चा वळवला. ग्लुकोजवाचून पुढे वार घडवणारा बाहेरचा थर तयार होईना. तिथे ग्लुकोज ऊर्जेसाठी जाळले जात नव्हते. त्यातून डीएनए-आरएनएचे घटक आणि प्रथिनांना जोडायच्या शर्करा बनत होत्या. ऑक्सिजन असतानाही गर्भ ग्लुकोजचे लॅक्टेट करतो, ही उधळपट्टी नव्हे का, या शंकेचे उत्तरही काहीसे इथेच मिळते: वाढत्या पेशीला ऊर्जेइतकाच बांधकामाचा माल हवा असतो.

हे सारे उंदरांचे, माणसाचे काय, हा आक्षेप रास्त आहे. माणसात जनुके उशिरा, चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जागी होतात. तपशील जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण आधी पायरुवेट, मग ग्लुकोज हा क्रम मानवी गर्भातही दिसतो. शरीराबाहेर गर्भ वाढवताना हा क्रम महत्त्वाचा ठरतो. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे अशा उपचारांत जगभर गर्भाच्या टप्प्यांनुसार पोषकद्रावण बदलण्याची पद्धत रूढ झाली. आज मात्र पहिल्या दिवसापासून एकच द्रावण वापरूनही गर्भ वाढतात. मग टप्प्यांची ही कल्पनाच फोल ठरते का? मला उलटेच वाटते. सगळे घटक सुरुवातीपासून समोर असतानाही गर्भ आधी मुख्यतः पायरुवेट घेतो आणि ग्लुकोजची मागणी नंतर वाढवतो. म्हणजे बदलाची वेळ द्रावण ठरवत नाही, गर्भ ठरवतो.