श्रेष्ठ डाव कोणता?

श्रोतेहो, आज मी आपल्याशी बोलणार आहे तो मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाविषयी. विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. शिक्षकमंडळींच्या तर पडणारच. पण आपली मुले रोज ज्या गोष्टीत तासन् तास डोके घालतात, ती गोष्ट आहे तरी काय, एवढे समजून घ्यायला काय हरकत आहे? आणि खरे सांगायचे तर हा विषय मोबाइलचा कमी आणि आपल्या तालमीचा जास्त आहे.

मी घाटकोपरला एका महाविद्यालयात शिकवतो. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्यापाशी येऊन उभा राहिला. वडील रिक्षा चालवतात, मूळ गाव साताऱ्याकडचे. म्हणाला, “सर, परीक्षेची फी भरायला मुदत मिळेल का?” जरा खोदून विचारले तेव्हा कळले, की वडिलांनी फीसाठी दिलेल्या पैशांतले दोन हजार चारशे रुपये त्याने एका खेळात घातले होते. त्या खेळात निरनिराळे लढवय्ये असतात. काही फुकट मिळतात, काही विकत घ्यावे लागतात. याने घेतलेला लढवय्या अजिंक्य आहे, अशी मुलांत बोलवा होती. तीन आठवडे पोरगा जिंकत राहिला. मग कंपनीने त्या लढवय्याची ताकद कमी केली आणि चौथ्या आठवड्यापासून याला कोणीही हरवू लागले.

मी रागावणार, असे त्याला वाटले असावे. पण मी काही बोलण्याआधी त्यानेच विचारले, “सर, आता सगळ्यांत भारी कोणता घेऊ?”

श्रोतेहो, फी गेली ती गेली. पण पोराचा प्रश्न तसाच राहिला, याची मला अधिक काळजी वाटली. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम हा खेळ कसा असतो ते सांगतो. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे असतात. एकाला घाटकोपरचा मुलगा चालवत असतो, तर दुसऱ्याला कदाचित कोल्हापूरचा, कदाचित दुबईचा. प्रत्येकाची लढण्याची शैली वेगळी असते. मी स्वतः कॉलेजात असताना उपनगरांतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत ‘टेकन ३’ नावाचा खेळ असे. जपानच्या नामको कंपनीने तो १९९७ साली काढला. त्यात पॉल नावाचा गडी ज्यूदोच्या अंगाने लढे, ह्वोआरंग कोरियाच्या तायक्वांदोने, किंग कुस्तीने, तर एडी नावाचा गडी ब्राझीलच्या कापोएरा पद्धतीने, म्हणजे हातांवर उलटा होऊन नाचत नाचत लाथा मारी. नवशिके सगळे एडीलाच धरत. लाथेची बटणे वाटेल तशी दाबली, तरी समोरचा गांगरून पडे. आम्हांला वाटे, हीच श्रेष्ठ शैली! पण दुकानात एखादा जुना खेळाडू आला, की तो शांतपणे खालचे वार अडवी आणि नेमक्या क्षणी मारून एडीला लोळवी. मग आम्ही पुन्हा खिशात नाणी चाचपू लागत असू.

हे असे का होते, ते आपणांस आखाड्यात चटकन समजेल. माझे चुलते कऱ्हाडकडच्या तालमीत कुस्ती खेळलेले. लहानपणी मी त्यांना विचारी, “तात्या, सगळ्यांत भारी डाव कोणता?” ते म्हणत, “समोर कोण हाय, त्यो कसा उभा हाय, ते आधी सांग. मग डाव सांगतो.”

तात्यांचे म्हणणे जरा उलगडून पाहू. समोरचा पैलवान ताठ उभा असेल, तर त्याचे पाय मोकळे असतात. खाली घुसून पट काढला की तो पडतो. पाय राखायला तो वाकला, तर मान आणि खांदे पुढे येतात. मग मान-हात कवळून ढाक लावता येते. बरे, आपण पट काढायला घुसलो आणि तो आधीच सावध असला, तर वरून दाबून तोच आपल्या पाठीवर येतो. म्हणजे एका डावाला दुसरा डाव तोड आहे आणि त्या दुसऱ्याला तिसरा. सगळ्यांना पुरून उरेल असा डाव आखाड्यात नाही.

मोबाइलमधले खेळ रचणाऱ्यांनी हेच तत्त्व उचलले आहे. बहुतेक खेळांत तीन गोष्टी असतात: मारणे, अडवणे आणि धरून फेकणे. मारणाऱ्याला अडवणारा भारी पडतो. नुसत्या अडवणाऱ्याला धरून फेकणारा भारी पडतो. आणि धरायला पुढे येणाऱ्याला मारणारा आधीच ठोसा लावतो. मुले ‘दगड-कागद-कात्री’ खेळतात ना, अगदी तसेच हे चक्र आहे. चक्राला जसे टोक नसते, तसा यात पहिला नंबरही नसतो.

आता कोणी विचारील, की मग समोरचा काय करतो ते पाहून आपण तोड काढावी, झाले! इथे एक गंमत आहे. अशा खेळांत पडदा सामान्यतः सेकंदाला साठ चित्रे दाखवतो. काहीतरी दिसणे, मेंदूने ते ओळखणे आणि बोट हलणे, याला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. पाव सेकंद म्हणजे पंधरा चित्रे. पण ‘टेकन’सारख्या खेळात झटपट ठोसा दहा चित्रांत लागतो. म्हणजे तो पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही. तो ओळखावा लागतो. समोरच्याची सवय काय, आता तो काय करील, याचा अंदाज बांधावा लागतो. जड, सावकाश येणारा वार मात्र पाहून अडवता येतो. म्हणून जड वाराची शैली जबरदस्त दिसते, पण जाणत्या माणसापुढे उघडी पडते.

त्यात आणखी एक अडचण. बोरिवलीची लोकल पकडून अंधेरीला उतरेपर्यंत मुले उभ्या उभ्या खेळत असतात. गाडी धावते तसे मोबाइलचे सिग्नल बदलतात आणि आपल्या बोटाची खबर पलीकडे पोचायला उशीर होतो. सेकंदाचा दहावा भाग म्हटला तरी सहा चित्रे निघून गेली. अशा वेळी पाहून अडवण्यावर ज्याचा भर, त्याचे हाल होतात आणि आधी हात उचलणाऱ्याचे फावते. तोच खेळाडू घरी चांगल्या जोडणीवर बसला, की हिशेब पालटतो. म्हणजे शैलीची निवड नुसत्या शत्रूवर नव्हे, तर आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत यावरही ठरते. शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. काळ्या रानाचे बियाणे मुरमाड रानात पेरून कोणी बियाण्याला दोष देत नाही.

जमीन बदलली की काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच मातीत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. इथे त्यांची ढाक नावाजलेली. पण तिथली कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती. मातीत पाय रुततो. गादीवर सगळा खेळ चपळाईचा. मातीत चितपट होईपर्यंत झुंज चाले. तिथे ठरलेली वेळ आणि पंचांचा निकाल. नव्या जमिनीवर, नव्या नियमांत खाशाबा सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी काय केले? आपली ढाक टाकून दिली नाही. ती गादीवर कशी चालेल, ते शिकून घेतले. दुसऱ्या वेळी जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. डाव तोच होता, माणूस तोच होता. जमिनीचा अभ्यास नवा होता.

महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. तिथेही आता गादीचा विभाग वेगळा आणि मातीचा वेगळा असतो, आणि दोन्हींकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. गादी श्रेष्ठ की माती, हा वाद कागदावर मिटत नाही, हे आयोजकांनी जणू मान्यच केले आहे.

जगाच्या पाठीवरचाही एक दाखला देतो. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील डेन्व्हर शहरात निरनिराळ्या शैलींचे लढवय्ये एकमेकांशी लढवण्यात आले. ब्राझीलचा रॉइस ग्रेसी हा काही धिप्पाड गडी नव्हता. त्याने एका रात्रीत तिघांना नमवले. त्याची विद्या म्हणजे समोरच्याला जमिनीवर नेऊन हात-गळा आवळणे. तेव्हा सर्वांना वाटले, श्रेष्ठ शैली सापडली! पण पुढच्या काही वर्षांत मुष्टियोद्धे आणि कुस्तीगीर जमिनीवरचा बचाव शिकले आणि ती नवलाई ओसरली. शैली जिंकते, ती पुष्कळदा समोरच्याला ठाऊक नसते म्हणून. सर्वांना ठाऊक झाली, की तिचे निम्मे बळ गेले.

आता आमच्या विद्यार्थ्याचे काय झाले ते ध्यानात येईल. ज्या दिवशी “हाच लढवय्या भारी” अशी आवई उठली, त्या दिवसापासून सगळे त्यालाच घेऊ लागले आणि त्याची तोडही शोधू लागले. शिवाय कोणता लढवय्या किती वेळा जिंकतो, याची मोजदाद कंपनी ठेवते. एकाचे पारडे फार जड झाले, की ती त्याचे बळ घटवते. नाही तर बाकीचे लढवय्ये कोणी घेणारच नाही. पोराने पैसे मोजले ते बळाला नव्हे, बाजारातल्या आवईला.

मी त्याला म्हटले, “अरे, नवा लढवय्या घेऊ नकोस. फुकटातला एक घे आणि स्वतःला चार प्रश्न विचार. माझा हात झटपट आहे, की मी सबुरीचा आहे? मला कोण, कशाने हरवतो? मी खेळतो ती जोडणी कशी आहे? आणि हा लढवय्या हरतो तेव्हा कशाने हरतो, हे मला सांगता येते का?” शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आपल्या शैलीचे वर्म ज्याला ठाऊक, त्यालाच ती शैली आली.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. वर्गात दोन मुलांना ‘दगड-कागद-कात्री’ तीस वेळा खेळायला लावा. एकाच्या कानात सांगा, दर वेळी दगडच दाखव. चार-पाच फेऱ्यांत दुसरा कागद दाखवू लागेल आणि सारखा जिंकेल. मग पहिल्याला सांगा, आता तिन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात, पण कसलाही क्रम न ठेवता दाखव. आता समोरच्याने काहीही केले, तरी दीर्घकाळात त्याला वरचढ होता येत नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली अशा खेळांचे गणित मांडले. मुलांच्या ते अर्ध्या तासात हाताला लागेल. आणि मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला “बंद कर” म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा, “हाच लढवय्या तू का निवडलास?” उत्तर “सगळे घेतात म्हणून” असे आले, तर तिथे शिकवायला जागा आहे. कारण हेच उत्तर तो उद्या शाखा निवडताना, क्लास निवडताना, नोकरी निवडतानाही देणार आहे.

त्या मुलाची फी दोन हप्त्यांत भरली गेली. पहिल्या हप्त्याआधी त्याने घरी खरे काय ते सांगावे, एवढी एकच अट मी घातली होती. तो सांगून आला. वडील काय म्हणाले, ते मी विचारले नाही. तो अजून खेळतो, अधूनमधून हरतोही. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “सर, काल हरलो, पण कशाने हरलो ते कळलं.”

तात्या असते, तर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप दिली असती.