एका देशाला एक आकडा, पण सीमेवर दोन नियम

जामसांवलीच्या निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला नागपूरकडून येणारा भाविक राज्याची सीमा ओलांडतो. पलीकडच्या सौंसर-पांढुर्ण्यात कानांवर मराठी पडते, पण सरकार मध्य प्रदेशचे. करोनाकाळात हा फरक ठळक झाला.

केंद्राने 8 जून 2020 पासून प्रार्थनास्थळे उघडायला मुभा दिली. मध्य प्रदेशात उज्जैनचे महाकाल मंदिर त्याच दिवशी उघडले. महाराष्ट्राने मात्र थेट 16 नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दिवाळी पाडव्यापर्यंत, दारे बंदच ठेवली.

असे निर्णय मोजायचे कसे? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्लावाटनिक स्कूलने 2020 मध्ये ते काम हाती घेतले आणि 180 हून अधिक देशांच्या नोंदी ठेवल्या. शाळांचेच पाहा: निर्बंध नसेल तर 0, केवळ शिफारस असेल तर 1, काही इयत्ता सक्तीने बंद असतील तर 2, सगळ्या बंद असतील तर 3. नियम ठरावीक भागापुरता असेल तर अर्धा गुण कमी. अशा नऊ निकषांतून 0 ते 100 असा कठोरता निर्देशांक निघतो. मार्च 2020 च्या टाळेबंदीत भारत 100 वर पोहोचला होता.

पण देशाच्या नोंदीत बहुधा सर्वांत कडक नियमच धरला जातो. त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंचा फरक त्या एका आकड्यात दिसत नाही. शिवाय हा निर्देशांक फक्त कडकपणा मोजतो. नियम किती पाळले गेले, हे तो सांगत नाही. स्थानिक फरक मात्र स्थानिक आदेशांतच सापडतो, म्हणून आपल्या तालुक्यात निघालेले त्या काळातले आदेश कुणाकडे असतील, तर ते जपून ठेवावेत.