आयसीयूतला पेशंट रात्री झोपला की नुसता पडून होता? झोप अशी मोजतात

नांदेड/लातूर : किनवट, देगलूर, मुखेडचा गंभीर पेशंट बहुधा नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात जातो, निलंगा-औसा भागातला लातूरला. पेशंट आत आयसीयूत, नातेवाईक बाहेर सतरंजीवर. सकाळी पहिला प्रश्न एकच, "रात्री झोप लागली का?" सिस्टर सांगतात, "हो, झोपले होते." पण डोळे मिटून पडणं वेगळं आणि झोप वेगळी. म्हणून झोप मोजायच्या पद्धती आहेत.

सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी रात्रभर नोंदवतात. पण ती महाग आहे, जाणकार माणूस लागतो, म्हणून रोजच्या कामात जमत नाही.

दुसरं, मनगटावरचं घड्याळासारखं यंत्र. ते हालचाल मोजतं. आयसीयूतला अशक्त पेशंट जागा असूनही हलत नाही, आणि यंत्राला वाटतं झोपलाय. स्मार्टवॉचवर भरवसा ठेवू नका तो यासाठीच.

तिसरी पद्धत सोपी आणि बिनखर्ची आहे. तिला रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली म्हणतात. सकाळी पेशंटला पाच गोष्टी विचारतात : झोप गाढ होती का, लवकर लागली का, किती वेळा जाग आली, जाग आल्यावर परत लागली का, आणि एकूण झोप कशी झाली. प्रत्येकासाठी दहा सेंटीमीटरची रेघ असते. एक टोक 0 म्हणजे वाईट, दुसरं 100 म्हणजे चांगलं. पेशंट रेघेवर खूण करतो. समजा आकडे आले 40, 30, 20, 25, 35. बेरीज 150, भागिले पाच, म्हणजे 30. झोप कमीच झाली.

पेशंट शुद्धीवर असेल तरच हे जमतं. नाहीतर सिस्टर अंदाजाने भरतात, पण तो अंदाज बऱ्याचदा पेशंटच्या सांगण्यापेक्षा जास्त निघतो. गुंगीच्या औषधाने आलेली ग्लानी ही नैसर्गिक झोप नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

एवढं मोजायचं कशाला? आयसीयूत झोप तुकड्या-तुकड्याने होते. मशीनचे आवाज, लाईट, सुया, दुखणं. झोपमोड आणि डिलिरियम म्हणजे मेंदूचा गोंधळ यांचा जवळचा संबंध मानतात. अशा वेळी पेशंट बरळतो, माणसं ओळखत नाही, नळ्या ओढतो. आपल्याकडं लगेच "बाहेरचं लागलं" म्हणतात. ही बाधा नाही, आजार आहे. अंगारा शोधू नका, तातडीने डॉक्टरांना सांगा.

नातेवाईकांनी काय करावं?

- भेटीच्या वेळी वार, तारीख, गावाकडची खबर सांगा. चष्मा, कानाचं मशीन डॉक्टरांना विचारून द्या.
- रात्री डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे चालतील का, ते विचारा.
- घरी झोपेची गोळी, दारू, तंबाखू चालू होती का, खरं सांगा. लाजू नका.
- बाहेरून आणून झोपेची गोळी देऊ नका. श्वासाला धोका होऊ शकतो.

आणि एक गावकऱ्यांसाठी. नियमानुसार रुग्णालयाभोवतीचा किमान 100 मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 40 डेसिबल. वरात, मिरवणूक दवाखान्यासमोर आली की डीजे बंद करा. आत कुणाचा तरी बाप झोपायची धडपड करतोय.