सोलन परिसरातील अळिंबीची शेती

हिमाचल प्रदेश राज्याच्या सोलन शहराभोवतीच्या डोंगराळ ग्रामीण भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजलेला शेतीपूरक व्यवसाय. येथे मुख्यत्वे पांढरी बटन अळिंबी (ॲगॅरिकस बायस्पोरस) पिकविली जाते. भारतात भाताच्या पेंढ्यावरील अळिंबीची लागवड १९४३ मध्ये कोईमतूर येथे यशस्वी झाली होती. परंतु ती उष्ण हवामानातील जाती होय. बटन अळिंबीच्या कवकजालाच्या वाढीस २२° ते २५° से. व छत्रे धरण्यास १४° ते १८° से. तापमान लागते. सोलन सुमारे १,५०० मी. उंचीवर असल्याने असे तापमान तेथे वर्षाचा बराच काळ निसर्गतःच लाभते. शिवाय हे पीक बंद खोलीत येत असल्याने उतारावर थोडी जमीन असलेल्या शेतकऱ्यास ते सोयीचे असते.

लागवडीचा आरंभ १९६१ मध्ये तेथील कृषिखाते व भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या संयुक्त योजनेने झाला. अन्न व कृषी संघटनेचे तज्ञ ई. एफ. के. मँटेल यांचे १९६५ मध्ये, तर डब्ल्यू. ए. हेज यांचे १९७४ मध्ये मार्गदर्शन लाभले. तथापि प्रसारातील खरी अडचण हवामानाची नसून खताची होती. गव्हाचे काड, कोंबडीखत, युरिया व जिप्सम यांचा ढीग सुमारे २८ दिवस वारंवार खालीवर करून कंपोस्ट तयार करावे लागे. त्यात कीड व परोपजीवी बुरशी राहून गेल्यास सर्व पीक हातचे जाई.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९७७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात वाफेने ५७° ते ६० से. तापमानावर पाश्चरीकरण केलेले कंपोस्ट एका केंद्रात बनवून बीजासह उत्पादकांना पुरविण्याची सोय झाली. त्यामुळे खत बनविण्याचे कौशल्य, जागा व भांडवल नसलेल्या कुटुंबांनाही हे पीक घेणे शक्य झाले. मात्र त्यांचे उत्पन्न केंद्राकडून वेळेवर होणाऱ्या पुरवठ्यावर अवलंबून राहू लागले.

परिषदेने १९८३ मध्ये सोलन येथे राष्ट्रीय अळिंबी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. २००८ मध्ये त्यास संचालनालयाचा दर्जा मिळाला. सोलनला १९९७ मध्ये ‘भारताचे अळिंबी शहर’ म्हणून घोषित करण्यात आले.

सुधारित तंत्राचा प्रसार पुढे मैदानी प्रदेशातही झाला. पंजाब व हरयाणात हिवाळ्यात गवताने शाकारलेल्या झोपड्यांत हे पीक घेतले जाते, तर कृत्रिम शीतकरणाच्या साहाय्याने ते कोणत्याही ऋतूत घेता येते. तोडलेली अळिंबी साध्या तापमानात एकदोन दिवसांतच खराब होत असल्याने बाजारपेठेजवळील उत्पादकास विशेष लाभ होतो. अशा रीतीने थंड हवेमुळे सोलनला मिळालेले प्रारंभीचे वर्चस्व उत्पादनात टिकले नाही. त्याचे महत्त्व आता प्रामुख्याने संशोधन, बीज व प्रशिक्षण यांत आहे.