लाव्हाच्या सीमेवरील लेणी : भद्रावतीची विजासन टेकडी

भद्रावतीच्या श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थास येणाऱ्या यात्रेकरूंचा क्रम बहुधा ठरलेला असतो. स्नान, पूजा, सप्तफणाधारी श्यामवर्ण प्रभूंचे दर्शन, भोजनशाळेतील भोजन, आणि गाडी चंद्रपूर किंवा नागपूरच्या दिशेने वळते. ‘स्वप्नदेव’ म्हणून ख्यात असलेल्या या मूर्तीचा महिमा घरोघरी सांगितला जातो. परंतु गावापासून थोड्याच अंतरावरील विजासन टेकडीच्या पोटात प्राचीन लेणी आहेत, हे अनेकांच्या कानीही गेलेले नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांपैकी काहीजण ‘ते आपले नव्हे’ म्हणून पुढे जातात. व्यापारी माणसाने शेजारच्या पेढीची विचारपूस करू नये, तशातलाच हा प्रकार.

स्थानिक वाटाड्यासमवेत टेकडीवर गेलेले पर्यटक पहिला प्रश्न एकच विचारतात : ही गुहा ज्वालामुखीने घडवली काय? प्रश्न भाबडा असला तरी निराधार नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाचाच आहे. या पठाराचा पूर्वेकडील विस्तार चंद्रपूरच्या पश्चिम भागाजवळ विरळ होत संपतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात शिबला येथे लाव्हा थंड होताना बनलेले षट्कोनी दगडी खांब आढळले आहेत. कोणा राजाने उभारलेल्या मंदिराचेच ते अवशेष असावेत, असा पाहणाऱ्याचा समज व्हावा, इतकी त्यांची घडण रेखीव आहे.

खरी लाव्हागुहा मात्र वेगळ्या रीतीने जन्मते. वाहत्या लाव्हाचा पृष्ठभाग थंड होऊन कडक कवच बनतो, आत तप्त रस वाहतच राहतो आणि उगमाकडून पुरवठा थांबला की तो पुढे निघून जाऊन मागे लांबलचक पोकळी उरते. हवाई बेटावरील काझुमुरा ही अशीच गुहा साठ किलोमीटरहून अधिक लांबीची आहे. दक्षिण कोरियातील जेजू बेटावर मानजांग गुहेचा सुमारे एक किलोमीटरचा भाग पर्यटकांसाठी राखलेला असून सात किलोमीटरहून लांब असलेल्या त्या गुहेचा उर्वरित भाग बंद ठेवला आहे. आपल्याकडे निसर्गाने जे केले नाही, ते छिन्नीने केले. वेरूळच्या 30 ते 34 क्रमांकांच्या जैन लेणी याच थंड झालेल्या लाव्हात कोरलेल्या आहेत. इंद्रसभेतील कमळाची पाकळी ज्या दगडात उमलली, तो दगड एकेकाळी वाहत होता!

विजासनच्या लेणीही मानवी हातांनीच कोरलेल्या आहेत. मात्र त्या बौद्ध परंपरेच्या. भद्रावतीभोवतीचा प्रदेश मुख्यतः वालुकाश्म आणि कोळशाचा असून त्याचे खडक लाव्हाहून कितीतरी जुने आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्ली येथे, 1960 च्या सुमारास महाकाय प्राण्याची हाडे सापडली, तीही लाव्हापूर्व काळातलीच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी त्यास ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव दिले. मोठा पाय आणि रवींद्रनाथ, दोहोंचा त्यात समावेश झाला.

विजासनच्या मुख्य लेणीत शिरताच एक सरळ, अरुंद मार्ग डोंगरात जातो. त्याची लांबी सुमारे सत्तर फूट. टोकास गर्भगृहात बुद्धांची भव्य आसनस्थ मूर्ती आहे. बाजूंनाही असेच मार्ग फुटतात. प्रवेशद्वारातील उजेड पाठीशी राहतो आणि समोरची आकृती हळूहळू काळोखातून स्पष्ट होते. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873-74 च्या दौऱ्याच्या अहवालात या स्थळाची नोंद केली आणि ह्युएन त्संगने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी हीच असावी, असा तर्क मांडला. पुढील अनेक अभ्यासकांना तो मान्य झाला नाही. तथापि राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. 772 चा ताम्रपट याच भांदकात मिळाला, यावरून गावाची प्राचीनता सहज पटावी.

आत गेल्यावर कसे वागावे, हा मात्र जैन कुटुंबांनी विशेष विचार करण्याजोगा विषय आहे. अशा अंधाऱ्या दालनांत वटवाघळे वस्तीला असतात. बहुतेक जातींची मादी वर्षातून एकदा, एकाच पिलास जन्म देते. प्रखर टॉर्च, ओरडा, टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकण्याची हौस, यांमुळे बिथरलेल्या मातेचे पिलू खाली पडू शकते. चातुर्मासात पाऊल जपून टाकणारी मंडळी येथे मोबाइलचा झोत छताकडे रोखतात, ही विसंगती खटकते. मंद दिवा, तोही जमिनीकडे. आणि लहान मुलांना बाहेरच समज द्यावी. कापूर वा उदबत्ती आत लावू नये. धुराने दगड काळवंडतो. भिंतीवर नाव कोरणे तर गुन्हाच आहे : संरक्षित स्मारकास इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बौद्ध बांधव येथे वंदनेस येतात. त्यांची वंदना सुरू असेल तर बाहेर थांबावे.

दानशूर कुटुंबे तीर्थांवर फरशी, पंखे, पाणपोई यांसाठी मुक्तहस्ते देतात आणि त्यांचे नाव शिलेवर लागते. त्याच रकमेतून गावातील दोन तरुणांना माहितीपूर्ण वाटाड्याचे शिक्षण मिळाले, तर त्यांना रोजगार लाभेल आणि लेणीवर लक्षही राहील. शिलेवर नाव येणार नाही, एवढाच तोटा.

जाण्याची योग्य वेळ सकाळच्या पूजेनंतरची. हिवाळा उत्तम, उन्हाळ्यात चंद्रपूरचे ऊन वृद्धांना सोसवत नाही. दुपारी निघावे लागल्यास भद्रनाग मंदिर आणि डोलारा तलावातील जुना दगडी पूल पाहूनही चौविहारापूर्वी भोजनशाळेत परतता येते.